फिनॉम टूचे बंद कोअर उघडले, चारही दिसतायत, पण सीआरसी एरर का येतेय?

अर्धवट_अभियंता (धागाकर्ता)

मंडळी, अडगळीतला जुना डेस्कटॉप पुन्हा कामाला लावतोय. प्रोसेसर एएमडीचा फिनॉम टू एक्स२ ५५० ब्लॅक एडिशन. २००९ चा माल, दोन कोअर (प्रोसेसरमधले गणित करणारे भाग), ३.१ गिगाहर्ट्झ. मदरबोर्डवर एसबी७१० साउथब्रिज (डिस्क, यूएसबी वगैरे सांभाळणारी चिप) आहे, म्हणून बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ॲडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन उर्फ एसीसी हा पर्याय मिळाला. तो 'ऑटो' करून सेव्ह केलं, आणि विंडोज ७ सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये दोनाच्या जागी चार आलेख! सीपीयू-झेड (प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) आता याला 'फिनॉम टू एक्स४ बी५०' म्हणतंय.

हात शिवशिवत होतेच. त्याच बैठकीत मल्टिप्लायर (२०० मेगाहर्ट्झच्या मूळ क्लॉकला गुणायचा आकडा) १५.५ चा १८ केला, म्हणजे ३.६ गिगाहर्ट्झचं ओव्हरक्लॉक, ठरलेल्यापेक्षा जास्त वेग. व्होल्टेज १.३५ चं १.४७५ केलं.

ब्राउझर, गाणी, व्हिडिओ, जुने गेम, सगळं व्यवस्थित चालतं. पण मोठी झिप फाइल उघडताना मधेच सीआरसी एरर (फाइलची पडताळणी जुळत नाही) येते, आणि तीच फाइल पुन्हा उघडली की कधीकधी सुरळीत उघडते. एकदा निळा पडदाही आला, कोड ०एक्स१०१. भरीस भर म्हणजे कोअरचं तापमान शून्य अंश दाखवतंय.

रॅम गेली असेल, हार्डडिस्क गेली असेल, की हा उघडलेल्या कोअरचा प्रताप आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कॅपॅसिटर

आधी मेमटेस्ट (रॅमची चाचणी) लावा. जुन्या मशीनमध्ये सीआरसी एरर म्हटलं की माझा पहिला संशय रॅमवर.

मदरबोर्ड_मामा

कॅपॅसिटर, मेमटेस्ट लावावीच, पण या केसमध्ये ती दुसरी पायरी. पहिली पायरी म्हणजे सगळं मूळ सेटिंगवर आणणं. कोअर उघडणं आणि ओव्हरक्लॉक करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती एकत्र केली की एरर कुणाच्या खात्यावर टाकायची तेच कळत नाही. आत्ता तुमच्याकडे संशयित निदान पाच आहेत: तिसरा कोअर, चौथा कोअर, ३.६ ची फ्रिक्वेन्सी, मदरबोर्डचा पॉवर सप्लायचा भाग आणि रॅम.

निळ्या पडद्याचा कोड मात्र बोलका आहे. ०एक्स१०१ म्हणजे क्लॉक वॉचडॉग टाइमआउट. एखाद्या कोअरने ठरलेल्या वेळेत इंटरप्टला उत्तर दिलं नाही, तो अडकून बसला, असं विंडोज सांगतंय. हार्डडिस्क बिघडली म्हणून हा कोड सहसा येत नाही. ०एक्स१२४ आला असता तर हार्डवेअरने स्वतःच चूक नोंदवली असा अर्थ झाला असता. दोन्ही कोड ओव्हरक्लॉकरांच्या रोजच्या ओळखीचे, पण उघडलेल्या कोअरच्या बाबतीत १०१ दिसला की मी आधी नव्या कोअरकडेच बघतो.

आता करायचं ते असं. मल्टिप्लायर १५.५, व्होल्टेज ऑटो, एसीसी बंद. या अवस्थेत मेमटेस्ट रात्रभर चालू द्या. त्यात चुका निघाल्या तर कोअरची चर्चा इथेच थांबवू. नाही निघाल्या तर फक्त एसीसी चालू करा, बाकी कशालाही हात लावू नका, आणि परत इथे या.

आणि हो, या काळात त्या मशीनवर कामाच्या फाइल ठेवू नका. वेगळी हार्डडिस्क लावा. निळा पडदा परवडला, निदान दिसतो तरी. चुकीचं गणित करून गुपचूप डिस्कवर लिहिणारा कोअर जास्त घातक. फोटो कॉपी झाल्यासारखे दिसतात आणि वर्षभराने उघडायला जावं तर खालचा अर्धा भाग राखाडी.

निमूट_वाचक

इतकी वर्षं फक्त वाचत होतो, आज विचारतोच. दोन कोअरच्या प्रोसेसरमध्ये चार कोअर असतातच कसे? कंपनी चांगले कोअर मुद्दाम बंद करून का विकेल?

विद्युल्लता

मुद्दाम आणि नाइलाजाने, दोन्ही.

फिनॉम टू एक्स४ चा जो डाय (सगळे कोअर असलेला सिलिकॉनचा तुकडा) होता, डेनेब नावाचा, तो ४५ नॅनोमीटरवर बनलेला, २५८ चौरस मिलिमीटरचा आणि सुमारे ७५.८ कोटी ट्रान्झिस्टरचा. सिलिकॉनच्या वेफरवर दोष कुठेतरी पडणारच, आणि डाय जितका मोठा तितकी त्याच्यात एखादा दोष सापडण्याची शक्यता जास्त. आता चारपैकी एका कोअरमध्ये दोष निघाला म्हणून अख्खा डाय फेकून द्यायचा का? त्याऐवजी तो कोअर बंद करून डाय 'एक्स३' म्हणून विकला. दोन बंद केले की 'एक्स२'. तुमचा ५५० त्यातलाच, त्याचं अंतर्गत नाव कॅलिस्टो. एक्स३ ७२० चं नाव हेका. नावं वेगवेगळी, डाय तोच.

हा झाला नाइलाजाचा भाग. उत्पादन सुधारत जातं तसे चारही कोअर धड असलेले डाय जास्त निघू लागतात. पण बाजारात स्वस्त दोन-तीन कोअरवाल्यांची मागणी तर असतेच. मग चांगल्या डायवरचेही कोअर बंद करून तो खालच्या खणात टाकला जातो. अनलॉक करणाऱ्यांची सगळी मदार या दुसऱ्या प्रकारावर.

यात मधली एक जात आहे, तिचा विसर पडतो. कोअर पूर्ण खराब नसतो, पण ठरलेल्या व्होल्टेजला ठरलेली फ्रिक्वेन्सी गाठत नाही, किंवा वीज जरा जास्त खातो. कारखान्याच्या चाचणीत तो नापास. तुमच्याकडे तो उघडतो, विंडोज सुरू होतं, गाणी वाजतात, आणि दहा तासांत एकदा गणित चुकतं. धागाकर्त्याचं हेच झालं असावं असा माझा कयास आहे.

निमूट_वाचक

धन्यवाद ताई, डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण एसीसी म्हणजे तर 'क्लॉक कॅलिब्रेशन'. त्याचा कोअर उघडण्याशी काय संबंध?

विद्युल्लता

खरं म्हणजे काहीच नाही, आणि गंमत तिथेच आहे. २००८ मध्ये एसबी७५० साउथब्रिजबरोबर एसीसी आलं ते आधीच्या ६५ नॅनोमीटर फिनॉमचं ओव्हरक्लॉकिंग सुधारावं म्हणून. प्रत्येक कोअरला उणे १२ ते अधिक १२ टक्क्यांपर्यंतची दुरुस्ती देता यायची. फिनॉम टूला त्याची तशी गरज नव्हती. पण २००९ च्या सुरुवातीला लोकांना आढळलं की काही बोर्डांवर एसीसी 'ऑटो' केलं की एक्स३ चे चार कोअर होतात. कोअर बंद ठेवणारी नोंद त्या वाटेने गेल्यावर पाळलीच जात नव्हती. कंपनीने ठरवून दिलेली ही सोय नव्हे, राहून गेलेली फट. नंतरच्या ८०० मालिकेच्या चिपसेटमध्ये, म्हणजे एसबी८५० मध्ये, हा पर्याय साउथब्रिजमधून गेला. तेव्हा बोर्ड बनवणाऱ्यांनी स्वतःच्या युक्त्या काढल्या. असुसचं 'कोअर अनलॉकर', एएसरॉकचं 'यूसीसी', एमएसआयचं 'अनलॉक सीपीयू कोअर'. लोक बोर्डाच्या खोक्यावर ते नाव बघून बोर्ड घ्यायचे.

जुना_खोड

हे वाचून जुने दिवस आठवले. कोअर उघडणं ही त्या घराण्यातली धाकटी पाती. १९९८ चा सेलेरॉन ३००ए घ्या. मल्टिप्लायर ४.५ ला जखडलेला, बस ६६ ची. बस १०० ची केली की ३०० चा सरळ ४५०, आणि बरेच नग व्होल्टेजला हात न लावता चालायचे. २००० च्या सुमाराचे थंडरबर्ड ॲथलॉन आणि ड्युरॉन तर आणखी भारी. वरच्या बाजूला 'एल१' नावाचे बारीक पूल तोडलेले असायचे, ते शिसपेन्सिलीने घासून जोडले की मल्टिप्लायर मोकळा! ग्राफाइटमधून वीज जाते, एवढंच शास्त्र. ग्राफिक्स कार्डांत रेडिऑन ९५०० चे बंद पाइप नुसत्या ड्रायव्हरच्या करामतीने उघडायचे, मात्र पडद्यावर चौकटीचौकटींचं बुद्धिबळ दिसलं की समजायचं, खराब नग पदरी पडला.

प्रोसेसरपेक्षा तिथे एक बरं होतं: चूक डोळ्यांना दिसायची.

शून्य_एक

माफ करा, विरजण घालतोय. पण आजच्या काळात हा खटाटोप कशाला? फिनॉम टूमध्ये एसएसई ४.१, ४.२ नाही, एव्हीएक्स नाही, म्हणजे नव्या सॉफ्टवेअरला लागणाऱ्या सूचनांचे संचच नाहीत. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती एसएसई ४.२ शिवाय सुरूच होत नाही. नवे बरेच गेम उघडल्या उघडल्या बंद पडतील. चार सोडा, चाळीस कोअर उघडलेत तरी नसलेली सूचना कुठून आणणार? वर विजेचं बिल. आजचा साधा प्रोसेसर याच्या निम्म्याहून कमी विजेत दुप्पट काम करेल.

अर्धवट_अभियंता (धागाकर्ता)

शून्य_एक, मुद्दे सगळे मान्य. या मशीनवर पुढे लिनक्स टाकून फाइल साठवण आणि थोडं कंपाइलिंग एवढंच करायचंय. बाकी हौस. हौसेला मोल नसतं, बिल मी भरतो. :)

मामा, सांगितल्याप्रमाणे केलं. एसीसी बंद, सगळं मूळ सेटिंगवर, मेमटेस्ट रात्रभर: शून्य चुका. मग फक्त एसीसी ऑटो, ३.१ गिगाहर्ट्झ, आणि प्राइम९५ या ताण देणाऱ्या सॉफ्टवेअरची स्मॉल एफएफटी चाचणी लावली. चार वर्कर (कोअरगणिक एक काम) सुरू झाले. थोड्याच वेळात एका वर्करच्या खिडकीत 'फेटल एरर', राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं, अशी ओळ आली आणि तो थांबला. त्याचं चिन्ह लाल झालं. बाकीचे तिघे हिरवे, चालूच. ओव्हरक्लॉक नसतानाही!

मदरबोर्ड_मामा

छान. म्हणजे वाईट, पण निदानाला छान. रॅम जवळपास सुटली, फ्रिक्वेन्सी पूर्ण सुटली.

ती ओळ काय सांगते ते समजून घ्या. प्राइम९५ प्रचंड आकडे गुणतं आणि त्यासाठी दशांशातलं गणित वापरतं. उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवं. ते दोन पूर्णांकांच्या बरोबर मध्ये पडलं, ०.५ वर, म्हणजे कुठेतरी एक बिट उलटा झाला. ब्राउझरमध्ये हाच बिट एखाद्या चित्राच्या ठिपक्यात गेला असता आणि तुम्हाला पत्ता लागला नसता. झिप फाइलमध्ये प्रत्येक तुकड्याची बेरीज ताडून बघितली जाते, म्हणून तिथे पकडला गेला.

आता कुठला कोअर ते शोधा. वर्करच्या क्रमांकावर विसंबू नका, विंडोज कामं इकडून तिकडे हलवत असतं. बायोसमध्ये प्रत्येक कोअर वेगळा चालू-बंद करायची सोय असेल. शून्य क्रमांकाचा बंद होत नाही, तो राहू दे. आधी क्रमांक ३ बंद करून फक्त ०, १, २ वर चाचणी. मग २ बंद करून ०, १, ३ वर. जी जोडणी पास होईल तीत तुमचा चांगला कोअर आहे. दोन्ही नापास झाल्या तर मुकाट्याने एक्स२ वर परत.

स्मॉल एफएफटी पास झालं तरी तिथेच थांबू नका. त्यातला डेटा बहुतेक कोअरच्या जवळच्या कॅशमध्येच फिरतो, म्हणून ती कोअरच्या गणिताची आणि उष्णतेची परीक्षा. नंतर 'ब्लेंड' लावा. ती एल३ कॅश, मेमरी कंट्रोलर आणि रॅम या सगळ्यांना कामाला लावते. स्मॉल पास आणि ब्लेंड नापास असं झालं तर नॉर्थब्रिजच्या (प्रोसेसरमधल्याच एल३ आणि मेमरी कंट्रोलरच्या भागाच्या) व्होल्टेजकडे किंवा रॅमच्या टायमिंगकडे बघायचं, कोअरकडे नाही.

कॅपॅसिटर

मामा, एसीसीमध्ये त्या कोअरला अधिक-उणे टक्के देऊन बघता येईल ना? आणि थोडं व्होल्टेज वाढवलं तर तोच कोअर सुधारणार नाही का?

मदरबोर्ड_मामा

येईल की. काही जणांचे कोअर अधिक २ किंवा ४ टक्के दिल्यावर स्थिर झालेले आहेत, आणि व्होल्टेज एक पायरी वाढवल्यावरही. विद्युल्लता ताईंनी सांगितलेली मधली जात असेल तर उपयोग होतो. पण या पिढीत सगळ्या कोअरना एकच व्होल्टेज. एका लंगड्या कोअरसाठी बाकीच्या तिघांना जास्त व्होल्टेज पाजायचं, उष्णता वाढवायची, आणि ओव्हरक्लॉकला जी जागा होती ती त्यातच घालवायची. माझं मत विचाराल तर ३.१ ला जो मूळ व्होल्टेजवर चालत नाही त्याला झोपू द्यावं. तीन पक्के कोअर चार डळमळीत कोअरपेक्षा कधीही बरे.

विद्युल्लता

तापमानाचं कुणी बोललंच नाही, म्हणून मी लिहिते.

एसीसीने कोअर उघडले की प्रोसेसरच्या आतल्या सेन्सरचं वाचन बिघडतं. शून्य किंवा काहीतरी अशक्य आकडा दिसतो. तुमचा सेन्सर जळलेला नाही, काळजी नसावी. उरतो तो मदरबोर्डचा सॉकेटजवळचा सेन्सर. तो प्रोसेसरच्या बाहेर असल्याने त्याचा आकडा जसाच्या तसा धरता येत नाही.

त्यावर उपाय आहे. एसीसी बंद करून, दोनच कोअरवर, प्राइम९५ लावा आणि तापमान स्थिर होईपर्यंत थांबा. मग दोन्ही आकडे वहीत उतरवा, कोअरचा आणि सॉकेटचा. समजा कोअर ४८ आणि सॉकेट ५३ आला, तर तुमच्या बोर्डावर सॉकेट पाच अंश जास्त दाखवतो. मोकळ्या अवस्थेतलाही फरक लिहा, कारण भार वाढला की फरक बदलतो. एसीसी चालू केल्यावर हाच फरक वजा करून अंदाज बांधायचा. बोर्डागणिक हा आकडा वेगळा, दुसऱ्याचा उसना घेऊन चालत नाही.

आणि मर्यादा कुठली धरायची? एक्स२ ५५० ची कमाल मर्यादा ७० अंश छापलेली असते. पण १२५ वॅटच्या एक्स४ ९५५ ची ६२ अंश होती. कोअर उघडल्यावर तुमचा नग वागणार एक्स४ सारखा. तेव्हा ७० विसरा, साठच्या आत राहा.

सोल्डरगन

तापमानाएवढाच दुसरा विषय म्हणजे बोर्डाचा वीजपुरवठा. एक्स२ ५५० हा ८० वॅटचा प्रोसेसर. जास्तीचे कोअर उघडून वर ३.६ गिगाहर्ट्झ केलं की त्या बोर्डावर पडणारा भार ८० चा राहत नाही.

स्विचिंगची पॉवर ही फ्रिक्वेन्सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग, या हिशेबाने वाढते. धागाकर्त्याचेच आकडे घ्या. ३.१ चे ३.६ म्हणजे १६ टक्के वाढ. १.३५ चे १.४७५ म्हणजे जेमतेम सव्वानऊ टक्के, पण वर्ग केला की १९ टक्के. दोन्हींचा गुणाकार साधारण १.३९. म्हणजे प्रत्येक कोअर ३९ टक्के जास्त खातोय, आणि वर कोअरची संख्या दुप्पट. गळती करंट यात धरलेलाच नाही, तो उष्णतेबरोबर आणखी वाढतो.

बोर्डाच्या यादीत '९५ वॅटपर्यंत' लिहिलेलं असेल आणि सॉकेटशेजारच्या मॉस्फेटवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या स्विचांवर) हीटसिंक नसेल, तर हे सगळं करू नका. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या बोर्डांत असे कितीतरी होते: मॉस्फेटखालचा बोर्ड तपकिरी पडलेला, शेजारचा कॅपॅसिटर फुगलेला, आणि मालक म्हणतो काहीच केलं नव्हतं. प्राइम९५ चालू असताना मॉस्फेटच्या जवळ बोट न्या, टेकवू नका. धग लागत असेल तर एक छोटा पंखा तिथे वळवा. वरून हवा मारणारा कूलर असेल तर त्याची हवा आपोआप तिथे जाते. उभ्या टॉवर कूलरमध्ये ते होत नाही.

मदरबोर्ड_मामा

सोल्डरगन +१. लोक प्रोसेसर जपतात आणि बोर्ड मारतात.

बिगरी_ते_मॅट्रिक

माझ्याकडे ॲथलॉन टू एक्स३ ४३५ आहे आणि भावाकडे ॲथलॉन टू एक्स२. आम्हालाही उघडता येतील का? आणि आमचा मल्टिप्लायर वर जात नाही, मग ओव्हरक्लॉक कसं करायचं?

विद्युल्लता

एक्स३ ४३५ ला संधी आहे, तो चार कोअरच्या डायचा तीन कोअर केलेला प्रकार. भावाच्या एक्स२ ला बहुधा नाही. ॲथलॉन टू एक्स२ चा रेगोर डाय मुळातच दोन कोअरचा. डायवर जे छापलेलंच नाही ते बायोस कुठून आणणार?

ॲथलॉन टू मध्ये आणखी एक मजा होती. त्यांच्या प्रोपस डायवर एल३ कॅशच नसते. पण सुरुवातीच्या काही एक्स४ ६२० मध्ये डेनेबचाच डाय वापरलेला असायचा, एल३ बंद करून. अशा नगात ६ एमबी एल३ उघडायची आणि तो फिनॉम टू व्हायचा. बाहेरून मात्र खोका तोच.

मल्टिप्लायरचं मामा सांगतील.

मदरबोर्ड_मामा

ब्लॅक एडिशन सोडून बाकीच्यांत मल्टिप्लायर खाली येतो, वर जात नाही. मग मूळ २०० मेगाहर्ट्झचा संदर्भ क्लॉक वाढवायचा. अडचण अशी की त्याच्या शेपटाला सगळेच बांधलेले. ४३५ म्हणजे १४.५ गुणिले २००. तुम्ही २०० चे २२० केलेत की प्रोसेसर ३.१९ गिगाहर्ट्झ, पण त्याचबरोबर नॉर्थब्रिज २००० चा २२००, हायपरट्रान्सपोर्ट (प्रोसेसर आणि चिपसेटमधला दुवा) तेवढाच, आणि १३३३ ची रॅम जवळपास १४६६ वर. क्रॅश झाला की कोण दमलं तेच समजत नाही.

म्हणून रॅमचा विभाजक एक पायरी खाली घ्या, १०६६ चा, म्हणजे २२० ला ती सुमारे ११७३ वर येईल. हायपरट्रान्सपोर्टचा मल्टिप्लायर १० चा ९ करा, १९८० होईल. ते वाढवून तसाही फायदा दिसत नाही. पीसीआय एक्सप्रेस १०० ला जखडून टाका, स्प्रेड स्पेक्ट्रम बंद. नॉर्थब्रिजचं मात्र उलट. फिनॉम टूत एल३ कॅश आणि मेमरी कंट्रोलर त्याच्याच तालावर चालतात, त्यामुळे तो २४०० पर्यंत गेला तर रोजच्या वापरात कोअरच्या शेवटच्या शंभर मेगाहर्ट्झपेक्षा तोच जास्त जाणवतो. ॲथलॉनला एल३ नाही म्हणून फायदा कमी.

आणि बोर्ड सुरूच झाला नाही, पंखा फिरतोय पण पडदा काळा, तर घाबरायचं नाही. वीज काढा, सीमॉसचा जंपर लावा किंवा गोल बॅटरी थोडा वेळ काढून ठेवा. सेटिंग पुसली जातात, उघडलेला कोअर परत झोपतो.

निमूट_वाचक

माझ्याकडे नवा रायझन आहे, सहा कोअरचा. त्यातही आठाच्या डायवर दोन बंद असतात म्हणे. तेही उघडतील का?

शून्य_एक

डायवर असतात हे खरं, उघडणं विसरा. आता कोअर कारखान्यातच कायमचे बंद होतात, बायोसमध्ये तशी फट उरलेली नाही. २०१७ मध्ये पहिल्या पिढीच्या रायझन ५ १६०० चे काही नग आठही कोअर चालू असलेले निघाले, तशा बातम्या आल्या होत्या. पण ती पॅकिंगची लॉटरी, कुणी काही उघडलेलं नव्हतं. इंटेलने २०१० मध्ये पेंटियम जी६९५१ वर तर चक्क विकत घ्यायच्या कोडने बंद भाग उघडायची योजना आणली होती. लोकांनी इतकी टीका केली की पुढे ती गुंडाळावी लागली.

नव्या प्रोसेसरात हौस भागवायची तर उलट्या दिशेने जा, व्होल्टेज कमी करा. कर्व्ह ऑप्टिमायझर या बायोसमधल्या सेटिंगमध्ये प्रत्येक कोअरला उणे आकडा देता येतो. प्रोसेसर थंड राहतो आणि स्वतःहून जास्त वेळ वरच्या फ्रिक्वेन्सीवर टिकतो. मात्र तिथे चूक भाराखाली दिसत नाही, मशीन निवांत असताना दिसते. प्राइम९५ रात्रभर पास, आणि सकाळी नुसतं डेस्कटॉप उघडं असताना रीस्टार्ट. एकेका कोअरवर हलका भार टाकणारी चाचणी लावा आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हिया' (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी बघत राहा.

जुना_खोड

आणि फॅक्टरी सेटिंग म्हणजे ब्रह्मवाक्य असंही समजू नका. इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर कुणी हात न लावताही अस्थिर होत होते. जास्तीच्या व्होल्टेजवर उपाय म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) आणावा लागला. तुमचा नग असेल तर बायोस अद्ययावत आहे ना ते आधी बघा.

अर्धवट_अभियंता (धागाकर्ता)

निकाल लागला. ०, १, ३ या जोडणीत पुन्हा राउंडिंगची एरर. ०, १, २ वर स्मॉल एफएफटी रात्रभर पास, ब्लेंडही पास. म्हणजे क्रमांक ३ चा कोअर खराब. त्याला अधिक २, अधिक ४ देऊन पाहिलं, थोडा जास्त वेळ टिकतो, पण पडतोच. बंद करून टाकला. आता हा एक्स३ आहे.

विद्युल्लता ताईंच्या पद्धतीने फरक मोजला. माझ्या बोर्डावर भाराखाली सॉकेट चार अंश जास्त दाखवतो, मोकळं असताना दोनच. सोल्डरगन, मॉस्फेटवर हीटसिंक नाही. ८० मिलिमीटरचा एक पंखा केबल टायने त्या बाजूला बांधलाय. दिसायला गबाळं आहे, पण आता बोट जवळ नेलं तरी धग लागत नाही.

आता ओव्हरक्लॉक. मल्टिप्लायर अर्ध्या-अर्ध्या पायरीने वाढवत नेला, प्रत्येक पायरीला चाचणी. मूळ व्होल्टेजवर ३.४ पर्यंत बिनतक्रार. ३.५ ला १.३७५ लागलं. ३.६ साठी १.४२५ देऊनही ब्लेंडमध्ये वर्कर पडला, तिथून मागे फिरलो. ३.५ वर सॉकेट ५८, म्हणजे कोअर अंदाजे ५४.

कूल अँड क्वाएट (मशीन निवांत असताना वेग आणि व्होल्टेज उतरवणारी सोय) परत चालू करू का? चाचणीपुरतं बंद ठेवलं होतं.

मदरबोर्ड_मामा

चालू करा, पण चालू केल्यावर मशीन निवांत असतानाही नजर ठेवा. व्होल्टेज हाताने दिलेलं असलं की काही बोर्ड फ्रिक्वेन्सी उतरवतात आणि व्होल्टेज तिथेच ठेवतात. त्यात धोका नाही, नुसती वीज वाया. फाइल साठवणीसाठी वापरणार म्हणताय तर मी ३.४ आणि मूळ व्होल्टेजवर थांबलो असतो. शंभर मेगाहर्ट्झ तुम्हाला जाणवणार नाहीत.

फाइल हलवायला लागण्याआधी एक चाचणी अजून: काही जीबीचा फोल्डर घ्या, दुसऱ्या मशीनवर शा-२५६ (फाइल पडताळायची बेरीज) काढा, मग या मशीनवर कॉपी करून तीच बेरीज पुन्हापुन्हा काढत राहा, तिन्ही कोअरवर भार असताना. एकही आकडा वेगळा येता कामा नये.

अर्धवट_अभियंता (धागाकर्ता)

३.४ वर आणलं. शा-२५६ लिनक्सवर रात्री लावतो, मागे कर्नल कंपाइल चालू ठेवून. काही वेगळं निघालं तर इथेच लिहितो.

बिगरी_ते_मॅट्रिक

मामा, ४३५ चा चौथा उघडला! स्मॉल एफएफटी चालू आहे, अजून चारही हिरवे. २२० ला आज हात लावत नाही.